व्यायामजन्य दम्यात गोळी प्रतिबंधापुरती; झटका आल्यास इन्हेलरच आधार

नवी दिल्ली : धावणे किंवा खेळ थांबल्यावर काही मिनिटांत छाती आवळणे, खोकल्याची उबळ येणे, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज होणे ही व्यायामजन्य दम्याची लक्षणे आहेत. वेगाने श्वास घेताना कोरडी हवा श्वासनलिकांतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे ल्युकोट्राईनसारखी रसायने स्रवतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात.

यावर सालब्युटामॉलचा इन्हेलर व्यायामाच्या सुमारे १५ मिनिटे आधी घेणे, हा रूढ उपाय आहे. मात्र ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजातून अनेक रुग्ण गोळीचा आग्रह धरतात.

तोंडावाटे घ्यायच्या औषधांत मॉन्टेलुकास्ट प्रमुख आहे. ते ल्युकोट्राईनचा परिणाम रोखते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये व्यायामजन्य त्रासाच्या प्रतिबंधासाठी त्यास मान्यता दिली. ही गोळी व्यायामाच्या किमान दोन तास आधी घ्यावी लागते आणि २४ तासांत दुसरी मात्रा घेता येत नाही. दम्यासाठी ती रोज घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी जादा गोळी घेऊ नये. तिचा गुण सर्वांना सारखा येत नाही. मुख्य म्हणजे, सुरू झालेला झटका ती थांबवू शकत नाही.

सालब्युटामॉलच्या गोळ्या व पातळ औषधही मिळते. परंतु इन्हेलरच्या तुलनेत त्याचा परिणाम उशिरा होतो. हात थरथरणे, धडधड वाढणे असे त्रास अधिक होतात.

मॉन्टेलुकास्टमुळे काहींना दुःस्वप्ने, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार असे मानसिक परिणाम संभवतात. त्यामुळे याच प्रशासनाने २०२० मध्ये त्याच्या वेष्टनपत्रकावर सर्वांत कडक इशारा बंधनकारक केला. असे बदल दिसताच डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे. मुलांच्या बाबतीत पालकांनी विशेष लक्ष ठेवावे.

स्पर्धात्मक खेळाडूंसाठी आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार मॉन्टेलुकास्टवर बंदी नाही, इन्हेलरमधील सालब्युटामॉलला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या मर्यादेत मुभा आहे. तोंडावाटे घेतलेले सालब्युटामॉल मात्र निषिद्ध आहे.

व्यायामापूर्वी शरीर हळूहळू तापवणे आणि थंडीत नाक-तोंड झाकणे उपयुक्त ठरते. गोळी घेतली असली, तरी मैदानावर इन्हेलर जवळ असावा. धाप लागताच व्यायाम थांबवून तो वापरावा. आराम न पडल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.