दोन मिनिटांमागचं विज्ञान

नव्या खाद्यपदार्थाच्या यशात चवीचा वाटा किती? जपानच्या मोमोफुकु आंदो यांच्या हिशेबी पाचात एक. 1957 मध्ये ते अध्यक्ष असलेली पतसंस्था बुडाली आणि घर सोडून जवळपास सगळं गेलं. ओसाकाजवळच्या इकेदामध्ये परसात शेड उभारून त्यांनी नूडल्सचं जुनं यंत्र आणलं आणि स्वतःला पाच अटी घातल्या. पदार्थ चविष्ट हवा, टिकाऊ हवा, झटपट व्हायला हवा, परवडायला हवा आणि खायला सुरक्षित हवा. आजही अन्नप्रक्रिया कंपन्यांत काम अशाच यादीपासून सुरू होतं. यातल्या दोन अटी एकमेकींच्या आड आल्या की खरी कसोटी लागते.

टिकाऊ आणि झटपट ही अशीच जोडी. पाणी काढून टाकलं की जिवाणू आणि बुरशी वाढत नाहीत. आपल्या शेवया उन्हात वाळवून वर्षभर टिकतात त्या यामुळेच. पण त्यातला स्टार्च कच्चा आणि धागा घट्ट असतो. नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही, त्या शिजवाव्याच लागतात.

आंदो यांना वाट सापडली ती पत्नी मासाको तेंपुरा (जपानी भजी) तळत असताना. ओलं पीठ तापल्या तेलात पडलं की आतलं पाणी वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडतं आणि मागे बारीक छिद्रं उरतात. मग त्यांनी नूडल्स आधी वाफवल्या, म्हणजे स्टार्च शिजला. त्यांवर झाडांना पाणी घालायच्या झारीने चिकनचं सूप शिंपडलं आणि त्या तळल्या. ओलावा गेला, छिद्रं राहिली. उकळतं पाणी ओतताच ते छिद्रांतून आत शिरतं आणि नूडल्स पुन्हा मऊ होतात.

25 ऑगस्ट 1958 रोजी ‘चिकिन रामेन’ बाजारात आलं. किंमत 35 येन. ताज्या उदोन नूडल्स तेव्हा 6 येनला मिळत. घाऊक व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली, पण ग्राहकांना वाचणाऱ्या वेळाचं मोल कळलं होतं. त्यांची मागणी वाढली तसे व्यापारीही वळले.

पुढचा धडा मिळाला तो अमेरिकेत, 1966 मध्ये. तिथल्या खरेदीदारांकडे वाडगे नव्हते, चॉपस्टिक्स नव्हत्या. त्यांनी नूडल्सची वडी मोडली, कागदी कपात टाकली, वर गरम पाणी ओतलं आणि काट्याने खाल्ली. कपच भांडं होऊ शकतो, हे आंदो यांनी तिथे हेरलं. पण वडी तळाशी ठेवली तर प्रवासात तिचा चुरा होई. म्हणून ती कपाच्या तळापेक्षा रुंद केली, म्हणजे मधेच अडकून राहील. तरी कपात सोडताना ती तिरकी होई. शेवटी वडी खाली ठेवून कपच तिच्यावर उपडा घातला आणि प्रश्न मिटला. मधे अडकलेल्या वडीने कपाला आतून आधार दिला आणि गरम पाणी खालूनही फिरू लागलं. 18 सप्टेंबर 1971 रोजी ‘कप नूडल’ विक्रीला आलं. पुढच्या फेब्रुवारीत जपानमधल्या असामा-सान्सो इथल्या ओलीसनाट्याच्या वेळी कडाक्याच्या थंडीत पोलीस ते खाताना टीव्हीवर दिसले आणि खप वाढला.

भारतात 1983 मध्ये मॅगी आली आणि झटपट नूडल्स घरोघरी पोचल्या. 2015 मध्ये शिशाच्या प्रमाणावरून तिच्यावर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला लावली. त्यात उत्तीर्ण झाल्यावरच मॅगी पुन्हा दुकानांत आली. बाजारात तीन दशकं काढलेल्या पदार्थालाही पाचव्या अटीची परीक्षा चुकली नाही.

सुरक्षित म्हणजे रोज खाण्याजोगं, असं मात्र नाही. पाणी घालवणाऱ्या तळणीतच नूडल्समध्ये बरंच तेल मुरतं आणि मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असतं. चव, वेळ आणि किंमत कंपनीने आपल्यासाठी तपासलेली असते. तेला-मिठाचा हिशेब पाकिटामागे छापलेला असतो; तो वाचायचं काम आपलं.