वतनाची बेडी

जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केला, हे वाचकांना ठाऊक आहेच. तेराव्या घटनादुरुस्तीने तिथली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली होती आणि यादवीने दुभंगलेले राष्ट्र सांधण्याचे काम चालू होते. आपल्याकडे मात्र पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, मुंबई सरकारने वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून गावकीची जन्मजात चाकरी सरकारी कागदावर पक्की केली. या योगायोगाकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

महार वतन म्हणजे थोडी जमीन आणि बलुते. त्याबदली सरकारी टपाल पोचवणे, सारा वसुलीला माणसे बोलावणे, येसकरपाळी, मेलेली गुरे ओढणे. कामाला वेळ नाही, ठरलेला पगार नाही. एकाची पाळी, पण बांधलेले सगळे घर. औंध संस्थानातल्या, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीचे शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तराळकीचे हे जिणे त्यांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये घरातून पाहून लिहिले आहे. ही गुलामी नव्हे, असे म्हणणाऱ्याने ते पुस्तक वाचावे.

इथे अमेरिकेशी तुलना उलटी होते. तिथे माणूस सुटला, पण जमीन मिळाली नाही. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मनने किनारपट्टीवर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायचा हुकूम काढला. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सनने बरीचशी जमीन जुन्या मालकांना परत देववली. सुटलेले लोक त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागले. १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि हळूहळू मतदानाचा हक्कही हिरावला गेला. आपल्याकडे जमीन होती, आणि तीच बेडी होती. चाकरी सोडावी तर जमीन जाते, म्हणून बाप ती मुलाच्या गळ्यात अडकवून जाई.

साताऱ्यात शिकलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी ही गाठ ओळखली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी मांडलेल्या वतन दुरुस्ती विधेयकाचा गाभा असा की, पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी आणि चाकरीतून सुटता यावे. विधेयक समितीच्या फेऱ्यात अडकले. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. अमेरिकेतल्या लढ्यावर त्यांचे लक्ष पुढेही होते. १९४६ मध्ये त्यांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली.

कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. सांगलीचे नाव तेव्हा अजून दक्षिण सातारा होते. चाकरी संपली, कब्जेहक्काची रक्कम भरली की जमीन त्याच घराला परत, पण नव्या शर्तीने: जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. या शर्तीने अनेकांची जमीन सावकाराच्या घशातून वाचवली, असे मला वाटते. पण पूर्वी भाऊकीच्या नावे असलेल्या एकाच तुकड्याच्या सातबाऱ्यावर आज वारसांची लांबलचक रांग लागलेली असते. एकाला विहीर पाडायला कर्ज हवे असेल, तर त्याला आधी त्या सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.