ओळख नसलेल्यांसाठी उघडलेले दार

पदवीधरांना नोकरी मिळावी म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८९२ मध्ये समिती नेमली. आपल्याकडे साठच्या दशकात टेल्को पिंपरी-चिंचवडला आली, तेव्हा कारखान्यात शिरायला मामू-चाचांची ओळख शोधली जाई. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आयटीआयच्या मुलांना वाट दिली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारक अभियंत्यांनाही. विद्यापीठांत रोजगार मार्गदर्शन केंद्रे आली, कॉलेजांत प्लेसमेंट सेल. आज चाकणच्या कंपन्याही तिथून उमेदवार निवडतात. तरी आपल्या घरांत आधी ओळखच शोधतात. आम्हाला वाटते, ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याच्यासाठीच हे कार्यालय आहे. प्रवेश घेतानाच त्याची चौकशी करू या. मुलासाठी, तशीच मुलीसाठीही.