आधी बांध, मग वाटा

१६ सप्टेंबर १५२६ रोजी अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने गोव्याच्या बेटांवरील गावांचे रीतिरिवाज कागदावर उतरवले. ‘फोराल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दस्तात कर कुणी भरायचा, पडीक जमीन कुणाला द्यायची, वारसा कसा चालायचा आणि गावात पहिला मान कुणाचा, हे सगळे आहे. गोवा जिंकून तेव्हा अवघी सोळा वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना महसूल हवा होता आणि तो गोळा करणारी व्यवस्था त्यांच्या आधीपासून गावोगाव उभी होती. तिचे नाव गावकरी. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. पुढे दोन्ही नावे चालू राहिली.

किनाऱ्यावरच्या जमीनमालकांची इतकी जुनी आणि आजही कायद्याने जिवंत असलेली दुसरी संघटना आपल्या मुलुखात सापडणे कठीण. आज गोव्यात सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत. त्यांचा इतिहास म्हणजे खाऱ्या पाण्याशी चाललेल्या झुंजीचा इतिहास आहे.

मांडवी, जुवारी, साळ या नद्यांमध्ये भरतीचे पाणी आत दूरवर चढते. काठची सखल जमीन दिवसातून दोनदा बुडायची. पहिल्या वसाहतकारांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड घालून बांध घातले, पाणी मागे रेटले आणि मिळालेल्या जमिनीत भात पिकवले. ही खाजन शेती. बांधात ठरावीक जागी ‘मानस’ बसवलेली असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात निघते. त्यात खारेपण सोसणारा ‘कोरगुट’ हा खास वाण. कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घ्यायचे, मासे-कोळंबी धरायची, काही ठिकाणी मीठ पिकवायचे. अशी खाजन जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर मानली जाते.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. बांध एका जागी फुटला की खारे पाणी शेजाऱ्याचीही जमीन नासवते आणि मुरलेले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. त्यामुळे शेताचा तुकडा कुणाकडेही असो, जमीन गावकरीची राहिली. शेते ठरावीक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला, निघत, साधारण दर तीन वर्षांनी, आणि जास्त बोली लावणारा ती कसत असे. मानशीतल्या मासेमारीचीही पावणी होई. आलेल्या पैशातून आधी सरकारचा कर, मग गावखर्च: बांधाची डागडुजी, देवस्थान, गावच्या सेवेकऱ्यांचा मोबदला. एवढे भागून जे उरे ते गावकारांत वाटले जाई. हा वाटा म्हणजे ‘जोण’. उत्पन्न कमी पडले तर गावकारांनी पदरचे घालून कर भरायचा. वाट्याचा हक्क आणि तोट्याची जबाबदारी अशी एकाच माणसाच्या गळ्यात होती. या संस्थेचे सारे बळ तिथे होते.

तिचे दुखणेही तितकेच जुने आहे. गावकार म्हणजे मूळ वसाहतकारांच्या वांगडातला, म्हणजे कुळातला, पुरुष वंशज. जोणाचा हक्क बापाकडून मुलाकडे जातो, मुलीकडे नाही. चिखलात उभे राहून बांध घालणारे हात बहुतेक ठिकाणी कुणबी-गावड्यांचे, आणि त्यांना बैठकीत जागा नव्हती. किनाऱ्यावर राहणारे खारवी मच्छीमारही बाहेरच. दामोदर धर्मानंद कोसंबी, जे स्वतः गोव्यात जन्मले, त्यांनी १९४७ साली जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, या ग्रामसमुदायांवर लेख लिहिला. पुराणातल्या कथेपेक्षा जमीन, भात आणि जात यांच्या आधाराने त्यांनी गावकरीचा उगम तपासला. गोव्याबद्दल बोलताना हा लेख बाजूला ठेवता येत नाही, कारण गावकरीला रामराज्य समजणाऱ्यांना आणि निव्वळ सावकारी समजणाऱ्यांना, दोघांनाही तो थांबवतो.

हक्कासाठी गावकारांनी रक्तही सांडले. १५ जुलै १५८३ रोजी साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले. देवळे पाडली गेल्याचा आणि गावकारभारात वाढत्या ढवळाढवळीचा राग त्यामागे होता. त्यानंतर बोलणीच्या निमित्ताने गावच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. सोळांपैकी एक तेवढा नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. कुंकळ्ळी आणि साळ नदीच्या मुखाकडच्या असोळणा, वेळी, आंबेली या गावांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. संघटनेचे अस्तित्व राज्यकर्त्याला किती टोचते, याचे याहून उघड उदाहरण शोधायला नको.

इतरत्र सरकारने तलवारीऐवजी नियमावली वापरली. प्रशासक नेमले, हिशेब तपासले, खर्चाला मंजुरी सक्तीची केली. १९०४ साली एक संहिता झाली, तर १५ एप्रिल १९६१ रोजी डिप्लोमा क्रमांक २०७० ने आजही लागू असलेली कोमुनिदाद संहिता आली. त्यानंतर आठ महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. गेलेल्या राजवटीचा शेवटचा मोठा कायदा नव्या लोकशाहीच्या हाती पडला. शेजारी ग्रामपंचायती उभ्या राहिल्या. रस्ते, दिवे, परवाने त्यांच्याकडे गेले आणि गावकरीकडे जमीन राहिली.

मग तीही सैल झाली. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला. १९७५ च्या मुंडकार कायद्याने दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण दिले. हे दोन्ही कायदे न्यायाचेच होते. पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती. पण बांधाचे काय? ती जबाबदारी १९७५ च्या नियमांनुसार कूळ संघटनांकडे आली आणि दुरुस्तीच्या खर्चात सरकारचा वाटा ठरला. काही संघटनांनी काम नेटाने केले. अनेक ठिकाणी मात्र मानशीची पावणी भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागली आणि मासळीसाठी खारे पाणी नको तितके आत येऊ लागले. बांध फुटले, शेते पडीक झाली, त्यात कांदळवन उगवले. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा भाताखाली आणणे आणखी अवघड झाले. मालक बदलला यात चूक नव्हती. बांध राखण्याचे कर्तव्य मालकीबरोबर तितक्याच घट्टपणे बांधून दिले नाही, चूक तिथे झाली.

दरम्यान वाळूला भाव आला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट-हणजुण्याला हिप्पी आले, सत्तरच्या दशकात सिकेरीच्या आग्वाद किल्ल्यापाशी ताजचे हॉटेल उभे राहिले. त्याच दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्यांचे नेते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. त्यातही प्रत्येकाचा वाटा ठरलेला. या मंडळींकडे समुद्राचा सातबारा नव्हता, तरी समुद्रावरचा हक्क त्यांनी मांडला आणि १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. मालकीचे कागद असलेल्या गावकरीला त्या काळात असे आंदोलन उभे करता आले नाही, ही बोच राहते.

१९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आणि २०११ ची तिची नवी आवृत्ती यांनी बांधकामांवर मर्यादा घातल्या. २०११ च्या आवृत्तीत गोव्यासाठी वेगळा भाग असून खाजन जमिनी आणि वाळूच्या टेकड्या जपण्याचे त्यात म्हटले आहे. तरी दबाव वाढतच गेला. पर्वरीच्या पठारावर सेरुला कोमुनिदादच्या जमिनीवर शहर वसले. गावोगाव अतिक्रमणे झाली आणि काही कोमुनिदादींच्या व्यवस्थापनावरच भूखंडवाटपाचे आरोप झाले. २०२५ साली गोवा विधानसभेने संहितेत दुरुस्ती करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी कोमुनिदाद जमिनीवर बांधलेली घरे नियमित करण्याची वाट काढली. घरात राहणाऱ्या गरिबाला छप्पर हवे, हे मान्यच. पण सामाईक जमिनीचा निर्णय विधानसभेत व्हावा आणि ज्यांची ती जमीन त्यांनी विरोध नोंदवत बसावे, हे फोरालच्या काळातल्या गावकाराला पटले नसते.

मुंबईच्या किनाऱ्यावर वेगळी वाट दिसते. गिरगाव चौपाटीजवळच्या गावदेवीत १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर तळमकी तिचे कर्ते पुरुष. वांद्र्यात १९१८ साली सालसेट कॅथलिक संस्था आली. सभासदत्व इथे वंशाने नव्हे, भागाने मिळते आणि स्त्रीलाही मिळू शकते. वरळीच्या कोळ्यांनी तर अलीकडे सहकारी मच्छीमार संस्थांच्या जोरावर किनारा रस्त्याच्या पुलाखालचा नौकामार्ग रुंद करून घेतला. दोन खांबांतले ६० मीटरचे अंतर १२० मीटर करण्याचे २०२२ साली मान्य झाले.

गोवा-मुंबईसारखा समुद्र मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्याला नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला काठ आहे तो पूर्णेवरच्या सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरच्या इसापूर जलाशयांचा. तरी गावकरीचा प्रश्न इथे परका नाही. पूर्णा प्रकल्पाचे पाणी वसमतच्या हळदीपर्यंत जाते आणि कालव्यावरची जमीन हीच इथली पाण्याच्या हक्काची खूण आहे. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांना पाणी वापर संस्थेचे सभासद केले, पाणी मोजून देण्याचे ठरवले आणि संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेपटाकडच्या शेतकऱ्यांना सारख्या जागा दिल्या. स्त्रियांसाठी जागा राखल्या. गावकरीने जे पाचशे वर्षांत केले नाही ते या कायद्याने एका कलमात केले.

कायदा इथवरच नेतो. नाशिक जिल्ह्यात ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात संस्था उभ्या केल्या. पुढे शेतकऱ्यांनी सारा प्रकल्प चालवायला घेतला. तिथे पाळी ठरवणे, चारी साफ करणे आणि पट्टी वसूल करणे ही तिन्ही कामे एकाच मंडळींनी केली. हिंगोलीतल्या कालव्यांवर अशी संस्था बसवायची तर पहिली बैठक पाण्याच्या वाट्यावर घेऊ नये. चारीतला गाळ कोण, कोणत्या महिन्यात काढणार आणि न काढणाऱ्याची पाळी कोण थांबवणार, हे आधी ठरवावे. त्या बैठकीत शेपटाकडचा शेतकरी आणि शेतात खरोखर राबणारी बाई, दोघेही बसलेले असावेत.