सात मात्रांची गिटार, चार मात्रांचा ड्रम

'गायडिंग लाइट्स' हा 'स्कायहार्बर' या मेटल बँडचा दुसरा अल्बम नोव्हेंबर 2014 मध्ये निघाला, तेव्हा बँडमधली पाच माणसं तीन देशांत विखुरलेली होती. गिटारवादक आणि निर्माता केशव धर दिल्लीचा. देवेश दयाल (गिटार) आणि कृष्णा झवेरी (बेस) हे दोघे मुंबईच्या 'गॉडेस गॅग्ड' या बँडमधून आलेले. ड्रमर अनुप शास्त्री अमेरिकेत, तर गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमध्ये. तरीही सलग ऐकलं तर ही दहा गाणी एकाच खोलीत बसून रचल्यासारखी वाटतात.

बँडची सुरुवात झाली ती धरच्या घरातल्या संगणकावर. गिटार थेट संगणकाला जोडायची, ड्रमचे ठोके सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे आणि तयार झालेला तुकडा इंटरनेटवर टाकायचा. ते ऐकून पुढचे सोबती मिळत गेले. 2012 चा पहिला अल्बम दोन तबकड्यांचा होता. एकीत टॉम्पकिन्सचं सुरेल गाणं, तर दुसरीत मुंबईच्या 'भयानक मौत' या बँडचा गायक सुनीत रेवणकर याची गुरगुरती, घशातून फुटणारी गायकी. 'मेगाडेथ' या बँडमध्ये वाजवलेला मार्टी फ्रीडमनही त्यात पाहुणा म्हणून वाजवून गेला. त्या पदार्पणाचा बोलबाला झाला. पण अल्बमचे दोन तुकडे ठळक दिसत होते. दुसऱ्या अल्बमने ही फट बुजवली, आणि त्याचं खरं मोल इथेच आहे.

या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात ते त्याच्या मात्रांच्या हिशेबामुळे. तबला ऐकणाऱ्या मराठी कानाला तो परका वाटू नये. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, आणि सम कुठे येते याकडे श्रोत्याचं लक्ष. समजा, गिटारवर सात मात्रांचा तुकडा फिरतोय आणि ड्रम मात्र चार-चारच्या फेऱ्यात चाललाय. दोघं पहिल्याच मात्रेला सुटतात, मग एकमेकांपासून सरकत जातात आणि बरोबर 28 मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात श्रोता किंचित अधांतरी असतो. समेवर आल्याचं सुख तिहाईनंतर मिळतं, तसंच इथेही मिळतं.

आवाजाचंही एक तंत्र आहे. जाड तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायच्या आणि उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवायची. सूर उमटतो न उमटतो तोच दबतो, आणि गिटार ठोक्यासारखी बोलू लागते. स्वीडनच्या 'मेशुगा' या बँडने रुळवलेली ही पद्धत 2010 च्या सुमारास जगभरच्या पोरांनी उचलली. त्यातल्या बऱ्याच जणांचा सगळा जोर ठोक्यावरच खर्ची पडला. 'गायडिंग लाइट्स'मध्ये त्या दबक्या ठोक्यांवर दुसरी गिटार लांब घुमणारे सूर पसरते आणि तिच्यावर टॉम्पकिन्स सावकाश चढत जातो. मिश्रण फॉरेस्टर सॅव्हेल या ऑस्ट्रेलियन ध्वनितज्ज्ञाचं. त्यामुळे एवढ्या थरांतही आवाज गुदमरत नाही.

अल्बमसाठी चाहत्यांकडून आगाऊ पैसे गोळा केले गेले, 'प्लेजम्युझिक' या संकेतस्थळावरून. महाडकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी, दर 20 मार्चला, तळ्याच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी बाबासाहेब आंबेडकरांवरच्या भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीडी मांडल्या गेल्या. बाजारातल्या बड्यांनी ज्या गाण्याची फारशी कदर केली नाही, ते ऐकणाऱ्याच्या खिशावर आणि गाणाऱ्याच्या हिमतीवर टिकलं. दोन्ही संगीतांचं दुःख वेगळं, इतिहास वेगळा, आणि त्यांची बरोबरी करूही नये. मात्र गाण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे काढून देणारा श्रोता दोन्हीकडे सन्मानाचा धनी आहे. 'प्लेजम्युझिक' स्वतः 2019 मध्ये बुडालं आणि अनेक कलाकारांचे पैसे अडकले. तोवर हा अल्बम लोकांच्या हाती कधीच पोचला होता.

मुंबईत 'स्कायहार्बर'च्या पिढीआधीची वाट 1986 पासूनच्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाने आणि धोबीतलावच्या रंगभवनाने घालून दिली होती. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन थंडावलं आणि संगीत घराघरांतल्या संगणकांवर सरकलं.

टॉम्पकिन्स 2014 मध्येच आपल्या जुन्या 'टेसेरॅक्ट' या बँडकडे परतला होता. 2015 मध्ये त्याने 'स्कायहार्बर' सोडलं. तिसरा अल्बम 'सनशाइन डस्ट' 2018 मध्ये एरिक एमरीच्या आवाजात आला. नव्याने ऐकणाऱ्याने मात्र दुसऱ्यापासून सुरुवात करावी. आधी 'पेशन्स', मग 'इव्होल्यूशन', आणि कान सरावले की 'अल्यूर'पासून 'काइकोमा'पर्यंत दहाही गाणी क्रमाने, चांगला हेडफोन लावून, कारण बेसच्या बारीक हालचाली मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.