न दिसणारा धूर : ट्रॅक्टरचे इंजिन आणि प्रदूषण रोखणारे भाग

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांचा संसार बसून जातो, तोच ट्रॅक्टर पुढे हंगामभर फडापासून कारखान्यापर्यंत ऊस ओढतो. हंगामापूर्वी तो गॅरेजमध्ये तपासला जातो. इंजिन अलीकडच्या बनावटीचे असेल, तर एक सल्ला अनेकदा मिळतो : ‘ईजीआर बंद करून टाका, पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल.’ वस्ती-तांड्यांवर धावणाऱ्या जुन्या डिझेल जीपगाड्यांच्या मालकांनाही हेच सांगितले जाते. या सल्ल्याचा अर्थ मालकाने, चालकाने आणि आपल्या विद्यार्थ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतात ट्रॅक्टरच्या धुरावर मर्यादा आली ती १९९९ मध्ये. ‘ट्रेम’ या नावाने ओळखले जाणारे हे निकष २००३, २००५ आणि २०१०-११ मध्ये क्रमाने कडक झाले. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून त्यापुढचा टप्पा लागू झाला. अगदी जुन्या ट्रॅक्टरांत काढून टाकण्याजोगे असे वेगळे उपकरण सहसा नसतेच. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या इंजिनांचा.

डिझेल इंजिनात इंधन अतिशय उच्च तापमानाला जळते. त्या उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची घातक ऑक्साइडे तयार होतात. ती रोखण्यासाठी ईजीआर व्हॉल्व्ह जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतो. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलनाचे तापमान उतरते आणि ऑक्साइडे कमी बनतात. या सोयीची किंमतही आहे : काजळी किंचित वाढते आणि तेलाच्या वाफेशी मिसळून व्हॉल्व्हमध्ये साचते. म्हणून नव्या इंजिनांत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सायलेन्सरच्या वाटेवर बसवतात.

मिस्त्री या मार्गात पत्र्याची एक चकती बसवतो आणि वाट बंद करतो. चोंदलेला व्हॉल्व्ह अडून राहिला असेल, तर इंजिन खरोखरच मोकळे झाल्यासारखे वाटते. काळा धूरही कमी दिसतो. मालकाचा समज होतो की गाडी सुधारली. प्रत्यक्षात ज्वलनाचे तापमान वाढलेले असते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बाहेर पडत असतात. ती मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेल वाहनांच्या पीयूसी तपासणीतही धुराची दाटी मोजली जाते, ही ऑक्साइडे मोजली जात नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र मिळते आणि विष वाढते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. गाळणी काढली, तर काजळीचे सूक्ष्म कणही थेट हवेत जातात.

हे विष प्रथम कोणाच्या वाट्याला येते? बॉनेटवरच्या सायलेन्सरमागे उघड्यावर बसलेल्या चालकाच्या. मग ट्रॉलीतल्या बायाबापड्यांच्या आणि लेकरांच्या. कारखान्याच्या आवारात रांग लागते तेव्हा साऱ्यांच्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले. नायट्रोजनची ऑक्साइडे श्वासनलिका होरपळवतात. शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन वायू बनतो. तो दमेकऱ्याला जाचतो, तसाच पिकांनाही बाधतो आणि सोयाबीन हे पीक त्याला विशेष हळवे आहे. शेतकऱ्याने ट्रॅक्टरवर वाचवलेले असे काही पुन्हा शेतातच हरपू शकते.

ही लबाडी केवळ खेड्यातल्या गॅरेजची आहे असे मात्र नव्हे. फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीने चाचणीपुरती गाडी स्वच्छ ठेवणारी आणि रस्त्यावर मोकाट सोडणारी संगणकीय युक्ती जगभरातील सुमारे १.१ कोटी गाड्यांत वापरल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. साधन निराळे असले तरी वृत्ती तीच : लाभ आपला, खर्च दुसऱ्याच्या फुप्फुसांचा.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास कलम १९० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग उपाय काय? चोंदलेला ईजीआर हा बहुधा दुसऱ्या दुखण्याचा परिणाम असतो. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल, तेल पिणारे इंजिन, ट्रॅक्टर तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवण्याची सवय; यांकडे आधी पाहावे. व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करावी आणि निकामी असेल तर बदलावा. रांगेत थांबताना इंजिन बंद करावे. यात तर डिझेलचीही बचत आहे. आपल्या वसतिगृहातील ज्या मुलांचे आईवडील या ट्रॉल्यांतून फडावर जातात, त्यांनी सुटीत घरी गेल्यावर चालकाला एवढे अवश्य विचारावे : ‘काका, इंजिनातली ती वाट उघडी आहे ना?’ प्रश्न लहान आहे, पण तो विचारण्याइतके ज्ञान मुलांच्या हाती देणे, हेच तर शाळेचे काम.