लष्करी अळीच्या पेशीत माणसाचं प्रथिन

मक्याच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की शेतकरी कपाळाला हात लावतो. अमेरिकन लष्करी अळी! डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढावा तशी खूण, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. २०१८ मध्ये ही कीड भारतात आली आणि तिनं महाराष्ट्रातल्या मक्याचीही चाळण केली. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. कर्करोगाच्या प्रयोगशाळांत मात्र ही अळी कामाची. तिच्या कोषावस्थेतल्या बीजांडकोशातून १९७०च्या दशकात अमेरिकेत काढलेल्या पेशींचा वंश आजही चंबूत वाढतो आहे. त्यातल्या एका शाखेचं नाव एसएफ-९. पुण्यात तयार झालेल्या कोव्होव्हॅक्स लसीतलं प्रथिनही याच पेशींतलं.

संशोधक बाजारातून 'रिकॉम्बिनंट ह्यूमन सीडीके-१' मागवतात, तेव्हा येणाऱ्या कुपीत काही मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. लेबलावर 'ह्यूमन' असलं, तरी त्यात कुणाचं रक्तमांस नसतं. माणसाचा असतो तो जनुकाचा मजकूर. राबलेली असते अळीची पेशी.

सीडीके-१ हे २९७ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. एटीपीकडून फॉस्फेट घ्यायचं आणि दुसऱ्या प्रथिनांना चिकटवायचं, एवढंच त्याचं काम. पण ते सुरू झालं की गुणसूत्रं आवळली जातात, केंद्रकाचं आवरण विरघळतं, पेशी विभाजनाला लागते. एकटं असताना ते निपचित असतं. सायक्लिन नावाचं जोडीदार प्रथिन येऊन बिलगावं लागतं. हे सायक्लिन दर विभाजनाआधी साठतं आणि विभाजन होताना नष्ट होतं. टिम हंट यांना ते १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत दिसलं.

माणसातलं सीडीके-१ सापडलं ते यीस्टमुळे, तेही आफ्रिकेतल्या बिअरमधल्या. मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी १९८७ मध्ये, हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांचे तुकडे घातले. त्यातल्या एका तुकड्यानं अडलेलं यीस्ट पुन्हा विभागू लागलं. अब्जभर वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन जिवांत एकाचा भाग दुसऱ्याला बिनबोभाट बसला! मला तरी हंट आणि नर्स यांना मिळालेल्या २००१च्या नोबेलमागची ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

मग हे प्रथिन स्वस्तातल्या जिवाणूत का बनवत नाहीत? बनवतात, पण ते नीट घडी न पडता गुठळ्या होऊन बसण्याची भीती असते. शिवाय सीडीके-१ला जागं करायला त्याच्यावर एका ठरावीक जागी फॉस्फेट लागावं लागतं. ते लावणारी यंत्रणा जिवाणूकडे नाही, अळीच्या पेशीत आहे.

तिथवर जनुक नेतो एक विषाणू. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी एचएनपीव्ही फवारतात आणि अळ्या उलट्या लटकून मरतात. त्याच कुळातला हा. अळीबाहेर पानावर तग धरायला तो स्वतःभोवती प्रथिनाचे स्फटिक रचतो आणि त्यासाठी पेशीला अक्षरशः पिळून काढतो. चंबूत त्या स्फटिकांची गरज नसते. म्हणून विषाणूतलं स्फटिकांच्या प्रथिनाचं जनुक काढून त्या जागी माणसाचं बसवायचं. ही युक्ती टेक्सासमध्ये १९८३ साली इंटरफेरॉन बनवून सिद्ध झाली. २७ अंश तापमानात दोन-तीन दिवस गेले की पेशी फोडायच्या. प्रथिनाला हिस्टिडिनची शेपटी आधीच जोडलेली असते. ती निकेलच्या मण्यांना धरून राहते, बाकीचं धुऊन जातं. मिळालेलं प्रथिन थोडं थोडं वाटून उणे ८० अंशांत ठेवतात. एकच कुपी वारंवार वितळवली-गोठवली, तर त्यातला दम जातो.

पुढे, कर्करोगाच्या पेशींचं विभाजन रोखू शकणारं रसायन शोधायचं काम सोपं. छोट्या खळग्यात सायक्लिनशी जोडलेलं प्रथिन, एटीपी, हिस्टोन आणि तपासायचं रसायन घालायचं, मग हिस्टोनवर किती फॉस्फेट लागलं ते मोजायचं. या परीक्षेला बसलेल्या रसायनांत एक आपल्याकडचं होतं. हेक्स्ट कंपनीच्या मुलुंडमधल्या संशोधन केंद्रात, सह्याद्रीतही वाढणाऱ्या डिसोक्सायलम या झाडाच्या सालीतून दाहशामक म्हणून रोहिटुकाइन वेगळं केलं होतं. त्यावर बेतलेलं फ्लॅव्होपिरिडॉल सीडीके रोखतं, हे नंतर कळलं. या वर्गातलं रुग्णांवर चाचणीला गेलेलं ते पहिलंच औषध.

पण ते सीडीके-१च्या कुळातल्या अनेक प्रथिनांना सरसकट रोखत होतं, आणि इथेच गोची होती. सीडीके-२ नसलेले उंदीर जगतात. सीडीके-१ नसलेला गर्भ मात्र अगदी सुरुवातीलाच संपतो. निरोगी पेशींचंही त्याच्यावाचून चालत नाही. स्तनाच्या कर्करोगात यश आलं ते सीडीके-४ आणि ६ यांना नेमकं धरणाऱ्या पाल्बोसिक्लिबला. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

सीडीके-१च्या कुपीला तरीही मागणी आहे. अनेकदा ती उलट्या कामासाठी लागते: नवं रसायन याला धक्का लावत नाही ना, एवढंच पाहायला.